मराठी माध्यमातून शिकलोय, मुलाखतीत अडखळतो. इंग्रजीतले नेहमीचे वाक्प्रचार कोणते, त्यांचे अर्थ काय आणि ते पाठ कसे करावेत?

पाठ करू नका. 'पाचशे इडियम्स' छापाची पुस्तकं रद्दीत घाला. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे मुसळधार पाऊस, त्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर असतं. लेखक जोनाथन स्विफ्टने १७३८ साली घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवणारं पुस्तक काढलं, त्यातसुद्धा ते सापडतं. म्हणजे तेव्हाच शिळं झालेलं, आणि आपल्याकडे क्लासवाले अजून वाढतायत. (पावसात गवताच्या छपरावरून कुत्री-मांजरं घसरायची, त्यावरून हे आलं अशी गोष्ट कुणी सांगितली तर सोडून द्या, थाप आहे.)

'मराठी माध्यम' वाचलं म्हणून लिहायला बसलो. मी लातूर जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळेतला. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा आमचा टीम लीड कॉन्व्हेंटवाला, अमेरिकन सिरियली बघून वाढलेला. माझा उच्चार चुकला की मीटिंगमध्ये मोठ्याने दुरुस्त करायचा. क्लायंट लंडनचा, विमा कंपनी. एकदा त्यांची मेल आली, 'वी वुड लाइक टू टेबल द रिव्हाइज्ड एस्टिमेट ऑन थर्सडे.' लीडने वाचली आणि जाहीर करून टाकलं की एस्टिमेट पुढे ढकललंय, गुरुवारी फक्त स्टेटस द्यायचा. मी म्हटलं, सर, उलट आहे, गुरुवारी ते हाच विषय चर्चेला घेणार आहेत. त्याने विचारलं, कशावरून? आता काय सांगणार! आमच्या घरी पेपर यायचा, अधिवेशन सुरू असलं की 'अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला' हे वाक्य ठरलेलं. पटल म्हणजे टेबल. आपल्या सभागृहांच्या कामकाजाच्या पद्धती ब्रिटिश वळणाच्या, त्यामुळे 'टेबल करणं' म्हणजे सभागृहापुढे मांडणं. हे सांगितल्यावर तो हसला. 'विधानभवनातलं इंग्लिश इथे नको.' बाकीचेही हसले.

मी गप्प बसून बुधवारी रात्री एस्टिमेटची शीट पूर्ण केली. कुठल्या मोड्यूलला किती दिवस, टेस्टिंग वेगळं, दर वेगळा. गुरुवारी दुपारी दीडला कॉल लागला, म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ. तिकडच्या बाईंनी 'गुड मॉर्निंग' झाल्या झाल्या विचारलं, 'शाल वी स्टार्ट विथ द नंबर्स?' लीडने कॉल म्यूट केला आणि माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीन शेअर केली. कॉल संपल्यावर तो काय म्हणाला असेल? 'यांचं इंग्लिश जुनाट आहे.' म्हणजे तरीही त्याचंच बरोबर!

तो सरसकट चूक नव्हता हे खरं. अमेरिकेत 'टेबल इट' म्हणजे विषय बासनात गुंडाळणं. ब्रिटनमध्ये नेमकं उलट. चर्चिलने दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात हा घोळ नोंदवून ठेवलाय: ब्रिटिश अधिकारी म्हणत होते हा कागद तातडीने 'टेबल' करू, अमेरिकन अधिकाऱ्यांना वाटलं हे तो खणात टाकायला निघालेत. बराच वेळ हमरीतुमरी झाल्यावर कळलं की दोघांनाही एकच हवंय. मी हा उतारा लीडला पाठवला होता. अंगठा आला उत्तरात.

तर, अर्थापेक्षा आधी हे बघा की वाक्प्रचार कुठल्या अंगणातला आहे. अमेरिकन माणूस बेसबॉलमधून बोलतो. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. 'टच बेस' म्हणजे जरा बोलून घेऊ. 'रेन चेक' घेतो म्हणाला तर आत्ता नको, पुन्हा कधीतरी; पावसाने सामना बुडाला की पुढच्या सामन्याला चालणारं तिकीट मिळायचं, ते हे. इंग्रज क्रिकेटमधून आणि जहाजावरून बोलतो. 'स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीची जागा: खेळपट्ट्या झाकत नसत तेव्हा भिजलेली खेळपट्टी उन्हात वाळायला लागली की चेंडू कसाही उसळायचा. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे झिंगलेला. इथली शीट म्हणजे शिडाचा दोर, तो सुटला की शीड फडफडतं आणि जहाज झोकांड्या खातं. 'बाय अँड लार्ज' आपण रोज वापरतो, तेही शिडाच्या जहाजावरचंच: वाऱ्याच्या तोंडावर आणि वारा मागून घेऊन, दोन्ही तऱ्हांनी, म्हणून एकंदरीत.

क्रिकेटचे तर तुम्हाला आधीच येतात. 'सरकार बॅकफूटवर', 'पवारांची गुगली' वाचतच मोठे झालात ना? मग न्यूनगंड कसला? कॉन्व्हेंटवाल्यांना ऐकून येतं, आपल्याला पेपर वाचून येतं, आणि पेपरवाल्याला निदान शंका तरी येते की याचा दुसरा अर्थ असेल.

मुलाखतीत एकही वाक्प्रचार वापरला नाही तरी काही अडत नाही. मी हल्ली मुलाखती घेतो. 'आय विल लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड', म्हणजे एकही दगड उलटायचा ठेवणार नाही, कसलीच कसर सोडणार नाही, असं म्हणणाऱ्याला मी लगेच विचारतो, शेवटचा दगड कुठला उलटलात ते सांगा. निम्मे तिथेच गार पडतात. त्यापेक्षा 'प्रोजेक्ट दोन महिने लेट होता, मी अमुक केलं' असं साध्या इंग्रजीत सांगा. समोरचा काही बोलला आणि कळलं नाही, तर 'डू यू मीन नाऊ ऑर लेटर?' एवढं विचारायला लाजू नका. आमच्या लीडला तेवढंच जमलं नाही.

आणि हो, स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर वरचं सगळं विसरा. तिथे पर्याय चार आणि वेळ कमी. मागच्या प्रश्नपत्रिका काढा, त्यात आलेले पाठ करून टाका. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणं, 'व्हाइट एलिफंट' म्हणजे पोसायला महाग आणि कामाला शून्य. हे दोन धरून ठेवा.