वडील गेले तेव्हा न आलेले रडू

तरुण मुलांकडून, आणि त्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांकडून, एक काळजी समुपदेशक म्हणून अलीकडे माझ्यासमोर वरचेवर येते. मुलगा रात्री मोबाइलवर मोठ्यांसाठी बनवलेला एखादा ॲनिमेशनपट पाहतो, त्यात स्वप्नात घडावे तसे काहीतरी विलक्षण घडत असते, आणि एरवी कशानेही न हलणारा तो मुलगा पुढचे कित्येक दिवस रडत राहतो किंवा अगदी गप्प होतो. घरच्यांना वाटते, डोक्यावर परिणाम झाला. मुलाच्या मनात मात्र याहून बोचरा प्रश्न असतो: खऱ्या माणसाच्या मरणाला मी रडलो नाही आणि चित्रांना रडलो, तर मी कसला माणूस? ज्या तरुणाने हा प्रश्न मला सर्वांत स्पष्ट शब्दांत विचारला, त्याची हकीकत त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडते आहे.

तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीडकडच्या धानपट्ट्यातला. आयटीआय करून पुण्याकडच्या एका कारखान्यात लागला होता. दोन वर्षांपूर्वी ऐन धानाच्या रोवण्याच्या दिवसांत वडील हृदयविकाराने गेले आणि तो गावी परतला तो कायमचाच. आता घरची शेती पाहतो आणि बाजूला मोबाइल दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवतो. त्याला आईने ग्रामीण रुग्णालयात माझ्याकडे आणले, तेही गावातल्या आशाताईंनी आग्रह धरला म्हणून. नाहीतर आई त्याला एका जाणत्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेणार होत्या. "मॅडम, हा रातभर जागते अन् रडते. याले एक तुटलेला हात दिसते म्हणते," असे सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

"हात दिसतो" या शब्दांनी कोणीही समुपदेशक सावध होतो. म्हणून आईला थोडा वेळ बाहेर बसवून मी आधी तेच विचारले: हा हात जागेपणी, डोळे उघडे असताना, समोर खोलीत दिसतो का? कोणाचा आवाज ऐकू येतो का? जगणे नकोसे वाटते का, जीव द्यावा असा विचार येतो का? दारू किती? यांतले काहीच नव्हते. हात त्याला आठवत होता, दिसत नव्हता. तो एका चित्रपटातला हात होता आणि चित्रपट आपण पाहिला आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. हा फरक घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण मुलगा सांगतो एक आणि घाबरलेली आई ऐकते दुसरे.

तो चित्रपट होता जेरेमी क्लापाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा २०१९ सालचा "आय लॉस्ट माय बॉडी". त्या वर्षी कान महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला होता. त्यात प्रयोगशाळेत ठेवलेला एक तुटलेला हात तिथून निसटतो आणि आपले शरीर शोधत पॅरिसभर फिरतो. दुसरीकडे, हा हात ज्याचा, त्या नौफेल नावाच्या तरुणाची गोष्ट उलगडत जाते. त्याचे आईवडील तो लहान असताना मोटार अपघातात गेलेले असतात आणि त्यांचे आवाज त्याच्याजवळ टेपमध्ये उरलेले असतात.

मी त्याला निदान सांगितले नाही, की धीरही दिला नाही. चित्रपट पहिल्यापासून सांगा, एवढेच म्हटले. या पद्धतीवर माझा विश्वास आहे, कारण माणूस गोष्ट सांगताना जिथे अडखळतो तिथेच त्याची स्वतःची गोष्ट सुरू होते. हात रस्ता ओलांडतो, उंदरांशी झुंजतो, हे सगळे त्याने सहज सांगितले. हाताला वाळूचा स्पर्श आठवतो, लहानपणी बोटांतून गळणारी वाळू, इथपर्यंत आला आणि थांबला. मग बराच वेळ रडला. शांत झाल्यावर म्हणाला, "बाबा बांधीतून वर आले की चिखलाचा हात माह्या मानेवर ठेवत. मी ओरडत होतो, शर्ट खराब होते म्हणून." आणि पाठोपाठ तो प्रश्न: "मॅडम, बाबा गेले तवा एक थेंब नाही आला. अन् त्या कार्टूनच्या हातासाठी इतका रडलो. मी चांगला माणूस नाही ना?"

त्या दिवसांत काय काय झाले होते, ते आम्ही दोघांनी सावकाश आठवून पाहिले. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, तयार होते, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखलणी अर्धी झाली होती, रोवणाऱ्या बायांना सांगून ठेवले होते. पाणी दिले, तेरवी झाली, सोसायटीच्या कर्जाचे कागद निघाले, बहिणीची सोयरीक अर्ध्यावर होती. येणारा प्रत्येक जण खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "आता तूच घरचा कर्ता, तू खचशील तर मायचं कसं होईल?" त्याने ते ऐकले आणि पाळले. आपल्याकडे थोरल्या मुलाला वडिलांच्या मरणाचे सगळे काम मिळते. दुःख करायला जागा मात्र मिळत नाही, आणि हे मला फार अन्यायाचे वाटते. त्याचे रडू आटले नव्हते, ते थांबवून ठेवलेले होते.

मग ते चित्रांनीच का बाहेर काढले? शेतकरी बापाच्या मृत्यूवरचा एक चित्रपट त्याने मध्यंतरी टीव्हीवर लावला होता आणि पाच मिनिटांत बंद केला होता. खरे घर, खरी खाट, खरे प्रेत समोर आले की मन सावध होते आणि दार लावून घेते, कारण पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असते. स्वतःच्या पायाने, म्हणजे बोटांनी, चालणारा हात मात्र कोणत्याही ओळखीच्या दुःखासारखा दिसत नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध मनाने तयारी केलेली नसते. शिवाय रेखाटलेला चेहरा कोणा एका नटाचा नसल्यामुळे त्यात आपला माणूस ठेवायला जागा उरते. आणि ज्याचा जवळचा माणूस अचानक गेला आहे, त्याला आपलाच एक अवयव तुटून कुठेतरी भटकतो आहे असे खरोखर वाटत असते. साध्या बोलण्यात हे सांगितले तर लोक हसतील. या चित्रपटात ते सरळ घडताना दिसते.

आरी फोलमन या इस्रायली दिग्दर्शकाचा २००८ सालचा "वॉल्ट्झ विथ बशीर" या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९८२ च्या लेबनॉन युद्धात फोलमन स्वतः सैनिक होते, पण तिथल्या हत्याकांडाच्या वेळचे त्यांना काहीच आठवत नव्हते. ती हरवलेली आठवण शोधण्यासाठी त्यांनी माहितीपट ॲनिमेशनमध्ये केला आणि अगदी शेवटच्या काही क्षणांत चित्रे थांबवून खरे चित्रण दाखवले. जे थेट पाहता येत नाही त्याच्या जवळ चित्रांच्या आधाराने जाता येते, हे त्या रचनेतून जितके स्पष्ट होते तितके माझ्या समजावण्याने क्वचितच होते.

आईला हे कसे सांगावे हा प्रश्न होता. मी त्यांना विचारले, "काकू, मंडईचे नाटक पाहता का?" झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावच्या जत्रेचा, आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात आणि रात्र रात्र प्रयोग चालतात, त्यामुळे उत्तर मला ठाऊक होते. नाटकात लेक सासरी छळली गेली की मांडवातल्या बाया पदर डोळ्यांना लावतात, आणि त्यातल्या निम्म्या नाटकातल्या लेकीसाठी रडत नसतात, हे काकूंनीच मला सांगितले. "मग तुमच्या मुलाचेही तसेच झाले, फक्त मांडव नव्हता, तो एकटा होता," एवढे म्हटल्यावर त्यांना पुढचे समजावावे लागले नाही. भरतमुनींनी शोकापासून करुण रसाची वाट दाखवली, त्याचा हा रोजचा अनुभव आपल्या गावांत आहे. तो मोबाइलच्या पडद्यावर आला की आपण उगाच घाबरतो.

त्यानंतरच्या भेटींत आम्ही चित्रपटाबद्दल कमी आणि वडिलांबद्दल जास्त बोललो. चित्रपटात हात शेवटी झोपलेल्या नौफेलपर्यंत पोचतो, मनगटाशी येऊन पडतो, पण जोडला जात नाही. या तरुणाला हा शेवट आधी क्रूर वाटला होता. पुढच्या एका भेटीत तो आपण होऊन म्हणाला की हात पोचला हे बरे झाले, न पोचता तर अधिक वाईट वाटले असते. त्यावर मी काही जोडले नाही. त्याच सुमारास तो वडिलांची कपडे ठेवलेली पेटी आईसोबत उघडू शकला, आणि झोपही हळूहळू रुळावर आली.

मात्र सगळ्यांना हे चित्रपट सारखेच मानवतात, असे मी म्हणणार नाही. सातोशी कोन यांचा १९९७ सालचा "परफेक्ट ब्लू" ही थोर कलाकृती आहे, पण त्यात खरे आणि भास यांची सीमा मुद्दाम पुसली आहे. ज्याला आधीच भास होतात, संशय येतात किंवा झोप पूर्ण उडाली आहे, त्याला तो मी पाहायला सांगणार नाही. मृत्यूनंतर सहा महिने उलटूनही दुःखाची धार तसूभर कमी होत नसेल, रोजची कामे थांबली असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात त्याला दीर्घकाळ लांबलेल्या शोकाचा विकार म्हटले आहे आणि त्यावर उपचार आहेत. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. या तरुणाचे काम, जेवण, माणसांत मिसळणे आठवडाभरच विस्कटले होते आणि तो बोलू लागताच सावरले, म्हणून मी त्याला औषधांसाठी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले नाही.

शेवटच्या भेटीत त्याने विचारले, तो चित्रपट पुन्हा पाहू का? मी म्हटले, अवश्य पाहा, पण मध्यरात्री एकट्याने आणि कानात हेडफोन घालून नको. बहीण माहेरी येईल तेव्हा तिच्यासोबत पाहा. वडील तिचेही गेले आहेत, आणि त्या रोवण्याच्या दिवसांत ती काय करत होती, हे त्याने तिला अजून विचारलेले नव्हते.