टीबी तपासणीच्या शिबिरात एआयने माझ्या ६४ वर्षांच्या आईच्या एक्स-रेला ०.७१ स्कोअर दिला. वीस वर्षांपूर्वी तिचा टीबीचा पूर्ण कोर्स झाला आहे. भाऊ म्हणतो मशीन काहीही सांगतं, आशाताई म्हणतात बेडका तपासा, शेजारचे काका म्हणतात मागच्यासारख्याच गोळ्या सुरू करा. म्हणजे आईला टीबी असण्याची शक्यता ७१ टक्के आहे का?

नाही. ०.७१ म्हणजे ७१ टक्के नव्हे. तुमच्या आईच्या बाबतीत तर तो आकडा आणखीच जपून वाचायला हवा, कारण प्रश्नात तुम्ही जाता जाता दोन गोष्टी लिहिल्या आहेत: आईंचं वय ६४ आहे आणि वीस वर्षांपूर्वी त्यांनी टीबीचा पूर्ण कोर्स केला होता. माझं बरंचसं उत्तर त्या दोन गोष्टींवरच बेतलेलं आहे. मी जिल्ह्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट आहे. शिबिरांतले असे एक्स-रे स्कोअरसकट माझ्याकडे येत असतात.

आधी हा स्कोअर कुठून येतो ते बघू. सॉफ्टवेअरला ढीगभर एक्स-रे दाखवलेले असतात आणि त्यातल्या कुणाला टीबी होता, कुणाला नव्हता, हेही सांगितलेलं असतं. त्यावरून ते काळ्या-पांढऱ्या छटांचे नमुने शिकतं. नवी फिल्म आली की ती 'टीबीवाल्या' नमुन्यांशी किती जुळते, त्याचे ० ते १ मध्ये मार्क देतं. ते मार्क रोग्याला नसतात, चित्राला असतात. एका कंपनीच्या ०.७१ ची दुसरीच्या ०.७१ शी तुलना होत नाही, आणि त्याच सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली तरी आकडा हलतो. कितीच्या वर 'संशयित' म्हणायचं ती रेघ कार्यक्रम चालवणारे ठरवतात. एकही रोगी सुटू नये असं वाटत असेल तर रेघ खाली ओढतात, मग निरोगी माणसंही भरपूर अडकतात.

किती अडकतात ते हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. अशा चाळणी चाचणीकडून (स्क्रीनिंग) जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये ठेवलेली किमान अपेक्षा अशी होती: टीबी असलेल्या १०० पैकी ९० तरी पकडले जावेत आणि नसलेल्या १०० पैकी ७० तरी मोकळे सुटावेत. आपल्याकडे २०१९ ते २०२१ दरम्यान देशव्यापी टीबी पाहणी झाली. तिच्यात १५ वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे ३१६ जणांना फुप्फुसाचा टीबी असल्याचा अंदाज निघाला. आता असे सरसकट लाख लोक मशीनपुढे उभे करा. ३१६ पैकी २८४ पकडले जातील, हे उत्तम. पण उरलेल्या ९९,६८४ निरोगी लोकांपैकी ३० टक्के, म्हणजे जवळपास २९,९०० जणही 'संशयित' ठरतील. संशयितांच्या रांगेत शंभरात एकालाही टीबी नाही! हेच मशीन खोकला-ताप घेऊन आलेल्या हजार लोकांवर लावा, ज्यात समजा दीडशे खरे रोगी आहेत. मग ३९० संशयितांत १३५ खरे निघतील, म्हणजे तिघांत एक. मशीन तेच, रेघ तीच, पण तिचा अर्थ माणूस कुठल्या रांगेतून आला यावर ठरतो. शिबिरात बहुधा जोखमीच्या लोकांना बोलावतात, त्यामुळे तुमचं गणित या दोहोंच्या मधे कुठेतरी बसेल.

म्हणून तुमचा भाऊ म्हणतो तसं 'मशीन काहीही सांगतं' असंही नाही. ढाक्यातल्या तीन तपासणी केंद्रांवर आलेल्या जवळपास २४ हजार लोकांचे एक्स-रे पाच वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना दाखवून झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही सॉफ्टवेअर तिथल्या रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरली. (आमच्या जमातीला ते झोंबलं, पण आकडे आकडे आहेत.) त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरच्यांच्या टीबी चाळणीसाठी माणसाऐवजी सॉफ्टवेअरने एक्स-रे वाचायला मान्यता दिली. त्याची गरजही आहे. आपल्या त्या पाहणीत सापडलेले ४२ टक्क्यांहून अधिक रोगी एक्स-रे काढला नसता तर निसटलेच असते, कारण त्यांच्यात विचारून कळावीत अशी लक्षणं नव्हती. आणि प्रत्येक तालुक्याला रेडिओलॉजिस्ट कुठून आणणार?

मात्र ढाक्याच्या त्याच अभ्यासात हेही दिसलं की साठीपुढच्या लोकांत आणि आधी टीबी होऊन गेलेल्यांत ही सॉफ्टवेअर कमी पडतात. तुमच्या आई दोन्हींत बसतात. टीबी बरा झाला तरी फुप्फुसाच्या वरच्या भागात व्रण राहतो, कुठे चुन्यासारखा कडक ठिपका, कुठे आक्रसलेल्या रेषा. तो व्रण वीस वर्षांचा आहे की वीस दिवसांचा, हे एकट्या फिल्मवरून सांगणं मलाही अवघड जातं. मशीनला तर आईंची हकीकतच माहीत नसते.

फिल्मचीही एक गंमत सांगतो. बायकांच्या एक्स-रेत पाठीवरची वेणी पुढे खांद्यावर आली की फुप्फुसाच्या टोकावर धूसर पट्टा दिसतो, आणि टीबीची आवडती जागा नेमकी तीच. अनुभवी टेक्निशियन "वेणी वर बांधा, मंगळसूत्र काढा" म्हटल्याशिवाय बटण दाबत नाही. शिबिरात हातात धरायच्या मशीनवर रांग संपवायची घाई असते, तिथे हे राहून जातं. नको तिथून शिकणं हीही या तंत्राची जुनी खोड आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत न्यूमोनिया ओळखणारं एक एआय मॉडेल तपासलं, तर ते एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलमधला आहे हे ओळखून त्याचा फायदा उठवत होतं. फिल्मवर डावं-उजवं दाखवायला ठेवलेल्या धातूच्या खुणेवरही त्याची नजर जात होती. बाहेरच्या हॉस्पिटलच्या फिल्म दिल्यावर त्याची कामगिरी घसरली.

आता करायचं काय? आशाताई म्हणतात तेच: बेडका तपासायला द्या. नुसती लाळ चालत नाही. सकाळी चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीचा जंतू त्याच्या जनुकांवरून शोधणारी तपासणी) फुकट होते. जंतू सापडला तर त्यावर रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, तेही त्याच नमुन्यावरून कळतं. शेजारच्या काकांनी सुचवल्याप्रमाणे 'मागच्यासारख्याच गोळ्या' परस्पर सुरू करू नका. आधी कोर्स झालेल्यांत औषधांना दाद न देणारा टीबी निघण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि अर्धवट औषधांनी पुढची तपासणीही बिघडते. आईंना मधुमेह आहे का ते लिहिलेलं नाही, नसेल माहीत तर साखरही तपासून घ्या.

दुसरं, घरातल्या ट्रंका, कपाटं उपसा आणि वीस वर्षांपूर्वीची एक्स-रेची फिल्म शोधा. पिवळट पडलेली असली तरी चालेल. कोर्स संपतानाची मिळाली तर फारच छान. जुनी आणि नवी शेजारी-शेजारी लावली की सावली जशीच्या तशी आहे की वाढली आहे ते बहुतेक वेळा लगेच दिसतं. स्कोअरचा कागद सोबत न्या, पण रेडिओलॉजिस्टच्या हातात पहिली ती फिल्म द्या.

बेडका निगेटिव्ह आला आणि फिल्मही सापडली नाही, तर डॉक्टर कल्चर (बेडक्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं) सांगतील, किंवा काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. दुसऱ्या वेळी वेणी वर बांधायला सांगा.