कंट्री जो सैनिकांच्या विरोधात होता का?

वुडस्टॉक संगीत महोत्सवाची क्लिप बघून तुम्ही विचारलंय की हा अमेरिकन गायक कंट्री जो मॅकडोनल्ड व्हिएतनामला निघालेल्या पोरांची टिंगल करतोय का. अजिबात नाही, क्लिपमधलं ते ‘आय फील लाइक आयम फिक्सिन टू डाय रॅग’ (म्हणजे आता मी मरणार बहुतेक) हे गाणं सैनिकाच्याच तोंडचं आहे.

जोचा जन्म १९४२ चा, आईवडील कम्युनिस्ट, पोराचं नावसुद्धा स्टॅलिनवरून ठेवलेलं. तरी हा सतराव्या वर्षी अमेरिकन नेव्हीत गेला, जपानमध्ये नोकरी केली, मग कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला आला आणि १९६५ मध्ये बॅरी मेल्टनबरोबर कंट्री जो अँड द फिश हा बँड सुरू केला. फिश हे माओच्या त्या वचनावरून, गनिमाने जनतेत माशासारखं वावरावं म्हणतात ते.

आता गाणं नीट ऐका. चाल रॅगटाइमची, म्हणजे जुन्या अमेरिकन उडत्या ठेक्याची, एकदम जत्रेतल्यासारखी, आणि शब्द मरणाचे. तो जनरल लोकांना झोडतो, युद्धावर पैसा करणाऱ्या वॉल स्ट्रीटला झोडतो, आणि शेवटी आईबापांना सांगतो की पोराला लवकर पाठवा म्हणजे गल्लीत पहिली शवपेटी तुमच्या घरी येईल. अंगावर काटा येतो. पण लढायला जाणाऱ्या पोराला एकही वाकडा शब्द नाही! हा बराकीतला विनोद आहे, ज्याला हुकूम पाळावाच लागतो तो असंच बोलतो, आणि युनिफॉर्म घातलेल्या माणसालाच ते इतकं नेमकं लिहिता आलं असं माझं ठाम मत आहे.

वुडस्टॉकला १९६९ मध्ये तो एकटाच चढला होता, गिटार उसनी, पट्ट्याच्या जागी दोरी. गाण्याआधी एफपासून सुरू होणारी ती शिवी लोकांकडून अक्षर अक्षर वदवून घेतली आणि पसरून बसलेलं पब्लिक उठून उभं राहिलं. याच आरोळीपायी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात त्याला ५०० डॉलर दंडही भरावा लागला. शिकागो सेव्हन खटल्यात, म्हणजे १९६८ च्या शिकागोतल्या निदर्शनांवरून सात युद्धविरोधी कार्यकर्त्यांवर चाललेल्या खटल्यात, साक्षीला गेला तर जजने गाऊ दिलं नाही, मग शब्द नुसते म्हणून दाखवले.

युद्ध संपल्यावरही त्याने व्हिएतनामहून परतलेल्यांची साथ सोडली नाही, त्यांच्यासाठी कार्यक्रम केले, तिथे शहीद झालेल्या बर्कलीच्या पोरांचं स्मारक व्हावं म्हणून झटला.

सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या स्वप्नासारख्या संगीताची बाजू हवी असेल तर बँडचा १९६७ चा पहिला अल्बम घ्या, त्यातलं सेक्शन ४३ हेडफोन लावूनच ऐका, शब्द नाहीतच, ऑर्गन आणि गिटार सावकाश फिरत राहतात. आणि जोचा १९७१ चा वॉर वॉर वॉर हा अल्बम चुकवू नका, पहिल्या महायुद्धात अँब्युलन्स चालवलेल्या रॉबर्ट सर्व्हिसच्या कवितांना त्याने चाली लावल्यात, माझ्या मते त्याचं सगळ्यात खोल काम तेच.