ठासणीच्या पिस्तुलात दारू किती भरावी?

प्रश्न: काका, मी टेक्सासमध्ये राहतो. .५० कॅलिबरच्या, म्हणजे अर्ध्या इंची नळीच्या, ठासणीच्या पिस्तुलाने हरणाची शिकार करायची आहे. दारू वाढवली तर लांबून मारता येईल का?

उत्तर: नाही रे बाबा. एवढ्याशा नळीत जास्तीची दारू बरीचशी तोंडाबाहेरच जळते. धक्का आणि धूर वाढतो, गोळीचा वेग मात्र फारसा वाढत नाही. .४९० इंची शिशाची गोल गोळी साधारण १७७ ग्रेन (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं माप) भरते, .५४ कॅलिबरमधली .५३० ची सुमारे २२४. वजनातला हा फरक मला दारूच्या चिमटीपेक्षा मोलाचा वाटतो. तुझ्याकडे .५० आहे, तर अंतर कमी कर. मी २५ यार्डांपुढे चाप ओढत नाही.

बारीक दाण्याची, ३एफ प्रतीची काळी दारूच घे आणि मापाने भर. धूरविरहित दारू चुकूनही नको, नळी फुटेल. पिस्तुलाच्या पुस्तिकेतल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात कर, तिथली कमाल मर्यादा ओलांडू नकोस. प्रत्येक बार उडवल्यानंतर पुढे जाऊन, गोळीभोवती गुंडाळलेली कापडाची चिंधी जमिनीवर पडलेली असते ती उचलून बघ. कडा नुसत्या काळवंडल्या असतील तर ठीक. जळून भोक पडलं असेल, तर चिंधी पातळ आहे किंवा दारू जास्त झाली.

गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर धोका. त्यासाठी गोळी ठासायच्या गजावर, ती पूर्ण टेकते त्या जागी, खूण कर. कागदी ताटलीवर पाचही गोळ्या बसेपर्यंत जंगलात जाऊ नकोस. जखमी हरीण झाडीत तडफडत राहिलेलं मला सोसत नाही. पिस्तुलाबाबतचे राज्याचे नियमही आधी वाच.