१९५० सालच्या कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशलमध्ये प्लस-पी काडतुसं वापरावीत का?

नाही, साधी .३८ स्पेशलच वापरा. प्लस-पी हा जादा दाबाचा दर्जा १९७०च्या दशकात ठरला. तुमची रिव्हॉल्व्हर त्या हिशेबाने बनलेलीच नाही. झीज वाढते, टायमिंग (गोळीचा कप्पा नळीसमोर नेमका येण्याचा मेळ) बिघडतं आणि जुन्या कोल्टचं टायमिंग नीट लावणारे कारागीर आता शोधावे लागतात. नेमबाजीच्या हौसेला १४८ ग्रेन वजनाची, सपाट तोंडाची वॅडकटर गोळी उत्तम: धक्का कमी, टार्गेटच्या कागदावर भोक स्वच्छ गोल. मात्र साधी काडतुसंसुद्धा तपासणीनंतरच. रिव्हॉल्व्हर रिकामी असल्याची खात्री करा, हॅमर (मागचा घोडा) मागे ओढा, मग ट्रिगर दाबून तो दाबलेलाच ठेवून अंगठ्याने हॅमर हळू खाली आणा आणि सिलिंडर (काडतुसांचं फिरतं नळकांडं) बोटांनी फिरवून बघा. जुन्या कोल्टचा सिलिंडर तेव्हा घट्ट बसलेला असतो. डुगडुगला तर एकही गोळी न झाडता गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, न्या.