बीपीची गोळी चालू असताना कोरड्या खोकल्याचं सिरप वाढवून दिलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: बाबांना कोरडा खोकला आहे, रात्री दोन चमचे सिरप देऊनही उबळ थांबत नाही, बीपीची गोळी चालू आहे, तर डोस वाढवू का? मी फार्मासिस्ट आहे. माझं उत्तर: वाढवू नका, आधी ती बीपीची गोळी बघा.

नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का? एनालाप्रिल, रॅमिप्रिल वगैरे. या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला होतो, कधी गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. तसं असेल तर सिरपच्या बाटल्या संपवून काही होणार नाही. गोळी मात्र मनाने बंद करू नका. डॉक्टर बहुतेकदा तिच्याऐवजी 'सार्टन' गटातली बीपीची गोळी देतात, आणि त्यानंतरही खोकला जायला काही आठवडे लागू शकतात.

आता बाटली. मागच्या बारीक अक्षरांत 'प्रत्येक 5 मिलीमध्ये' असं लिहिलेलं असतं, ते वाचा. डेक्स्ट्रोमेथॉरफान 10 मिग्रॅ म्हणजे उबळ दाबणारं औषध. ते मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करतं. मोठ्या माणसाला 24 तासांत सगळं मिळून 120 मिग्रॅच्या वर जायचं नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला त्याच्या बरंच आत राहिलेलं बरं. पण सोबत क्लोरफेनिरामाइन असेल तर झोप येते, तोल जातो, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडते. फेनिलेफ्रीन असेल तर बीपी वाढू शकतं. म्हणजे तुम्ही चमचा वाढवलात की हे सगळंच वाढतं! आणि चमचा म्हणजे घरातला नको. झाकणावरच्या मापानेच द्या, घरातल्या चमच्यांचा काही नेम नसतो.

डिप्रेशनची गोळी (फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन वगैरे) किंवा लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉरफान डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. दारूही नको. कफ पडत असेल किंवा दमा असेल तर खोकला दाबू नये, कफ छातीतच अडकून बसतो. हीच बाटली घरातल्या लहानग्यांना तर अजिबात देऊ नका.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी फुकट होते. रक्त पडलं, धाप लागली, वजन उतरलं तर तेवढंही थांबू नका.

गोळीचं नाव आणि बाटलीवरचे घटक इथे लिहा, मी बघून सांगतो.