डच चित्रकार रेम्ब्रांच्या 'द ज्यूइश ब्राइड' (ज्यू नवरी) या चित्रातले दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत, मग याला प्रेमाचं चित्र का म्हणतात?

आधी चेहरे सोडा आणि हात बघा. मोबाइलवर चित्र उघडून दोघांच्या डोक्यांवर अंगठा ठेवा, मी असंच केलं होतं आणि तेव्हा कुठे मला ते चित्र कळलं. त्याचा एक हात मागून तिच्या खांद्यावर आलाय, दुसरा तळवा तिच्या छातीवर टेकलाय पण त्यात ओढणं नाही की धरून ठेवणं नाही, आणि त्या हातावर तिने नुसती बोटांची टोकं ठेवलीयत. हात बाजूला सारायचा असता तर बोटं इतकी सैल राहिली असती का?

सगळं कॉम्पोझिशन त्या हातांसाठीच आहे. त्याचं तिच्याकडे झुकणं, ती मोठी सोनेरी बाही, तिचा लालभडक ड्रेस, काहीही धरून निघालात तरी नजर फिरून तिथेच येते, आणि मागे जवळजवळ अंधार आहे त्यामुळे दुसरीकडे जायला वावच नाही.

नजरानजर नाही हे मला तरी दुरावा वाटत नाही. ज्यांचं एकमेकांशी पक्कं जुळलंय ती माणसं अशी शेजारी असून आपापल्या विचारात असतात, हात मात्र सुटलेला नसतो.

नावावर फार जाऊ नका, ते १९व्या शतकात चिकटलंय, तेव्हा लोकांना वाटायचं की ज्यू बाप नवरी झालेल्या लेकीच्या गळ्यात हार घालतोय. आता बहुतेक अभ्यासक हे बायबलमधलं जोडपं, इसाक आणि रिबेका, मानतात. परक्या मुलखात जिवाच्या भीतीने ते आम्ही भाऊबहीण आहोत असं सांगतात आणि एकदा जवळ असताना राजा अबिमेलेख त्यांना खिडकीतून बघतो. रेम्ब्रांच्या याच विषयाच्या एका रेखाटनात तो राजा आहे, इथे नाहीये, म्हणून तर त्यांचा तो एकांत आपल्याला इतका जवळून मिळतो.

आणि एक कराच, हे चित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, त्यांच्या साइटवर जाऊन चित्रातल्या पुरुषाच्या बाहीवर झूम करा. हे १६६५ ते १६६९च्या दरम्यानचं, म्हणजे रेम्ब्रांच्या अगदी शेवटच्या वर्षांतलं काम, रंग इतका जाड थापलाय की गिलाव्यासारखे उंचवटे दिसतात, कापड असं कुठे काढलेलंच नाही. तिथून हळूहळू मनगटाकडे सरका, तो सगळा खडबडीतपणा संपतो आणि एकदम हाताची मऊ कातडी लागते.